नहपान विहार व कोलिकांच्या श्रेणी

नहपान विहार : नासिक शहराच्या दक्षिणेस सु. ८ किमी.वर असलेल्या पांडवलेण्यांपैकी दहावे लेणे. कोरीव लेखांत या डोंगराचे नाव त्रिरश्मी असे येते. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई व दीनिकाचा पुत्र उषवदात (ऋषभदत्त) याने हा विहार भिक्षुसंघास दिला. दानलेखातील ४२ हे वर्ष शक संवताचे मानल्यास इ. स. १२० हा काळ येतो. काही विद्वान तो त्याहून आधीचा मानतात.

ओवरीतील स्तंभांचे तळ कुंभाकार असून शीर्षे घंटाकार आहेत. त्यांवरील पायऱ्यांच्या उपड्या रचनेवर प्राण्यांच्या आकृती कोरलेल्या आहेत. गौतमीपुत्राच्या नावाशी निगडित असलेल्या तिसऱ्या लेण्यातील स्तंभ याच घडणीचे असले, तरी प्रमाणबद्धतेत ते उणे वाटतात. मंडपाच्या मागील भिंतीवरील उठावातील स्तूप उत्तरकाळात तासून त्याचा भैरव करण्यात आला.

या लेण्याचे खरे महत्त्व त्यातील आर्थिक व्यवस्थेत आहे. उषवदाताने ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी गोवर्धन येथील कोलिकांच्या, म्हणजे विणकरांच्या, दोन श्रेणींकडे ठेवली : एकीकडे २,००० दरमहा दरशेकडा १ दराने व दुसरीकडे १,००० पाऊण दराने. मुद्दल परत घ्यावयाचे नव्हते. केवळ व्याज उपभोगावयाचे होते. पहिल्या ठेवीचे वार्षिक व्याज २४० कार्षापण होते व तेवढ्यात वर्षावासातील २० भिक्षूंस प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळत. हिशेबात एक नाणेही उरत नाही. दुसऱ्या ठेवीचे व्याज ‘कुशाणमूल’ या खर्चासाठी होते. या शब्दाच्या अर्थाविषयी मतभेद आहेत. हा व्यवहार निगमसभेत ऐकवून फलकावर नोंदविण्यात आला.

अशी ठेव राजाकडे न ठेवता विणकरांकडे ठेवण्यातील दूरदृष्टी लवकरच प्रत्ययास आली. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा पाडाव केला. उषवदाताच्या ताब्यातील शेत त्याने आपल्या नावे त्रिरश्मीवरील भिक्षूंस दिले. १९०६ मध्ये जोगळटेंभी येथे सापडलेल्या नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी सु. दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राचा छाप पुन्हा मारलेला आहे. जमीन आणि नाणे या दोन्हींवर राजाची सत्ता चाले. श्रेणीचे व्याज मात्र मागावर विणल्या जाणाऱ्या कापडावर अवलंबून असे.

ही प्रथा क्षहरातांबरोबर संपली नाही. आभीर ईश्वरसेनाच्या नवव्या राज्यवर्षात विष्णुदत्ता या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी गोवर्धनातील श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. त्यांत कुलरिकांकडे १,००० व ओदयंत्रिकांकडे २,००० कार्षापण होते. तेल्यांच्या श्रेणीचाही त्यात उल्लेख आहे. जुन्नर येथे तर धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने स्वतःच सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दान दिली. फ्लॉरेन्समधील ओर्सान्मिकेले या चर्चच्या बाह्य कोनाड्यांत तेथील व्यवसायसंघांनी आपापल्या संरक्षक संतांचे पुतळे उभारले. नासिकच्या विणकरांची अशी एकही आकृती नाही. ओवरीच्या भिंतीवर आहे तो त्यांच्याकडील ठेवीचा व व्याजाचा दर.