‘बॉयकॉट’ शब्दाची जन्मकथा

परक्या मालावर ‘बॉयकॉट’ घालावा, सभेला ‘बॉयकॉट’ करावा, असें सुशिक्षित घरांतून सहज बोललें जातें. परंतु हा शब्द मुळांत एका गृहस्थाचें आडनांव होय, ह्याची आठवण क्वचितच कोणास असते.

कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा इंग्लंडांतील नॉरफोक परगण्याचा. आयर्लंडांतील मेयो परगण्यांत लॉर्ड अर्न ह्या जमीनदाराचा तो कारभारी होता. १८८० सालीं, आधींच्या नापिकीनें गांजलेल्या कुळांनीं खंडांत शेंकडा २५ सूट मागितली. धन्यानें १० देऊं केली, आणि कॅप्टनानें कुळांवर बेदखलीच्या नोटिसा काढल्या. त्याच सप्टेंबरांत पार्नेल ह्या आयरिश पुढाऱ्यानें एनिस येथील सभेंत सांगितलें होतें, कीं काढलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्यास मारूं नका, वाळीत टाका. तोच उपाय कॅप्टनावर चालला. गडी शेत सोडून गेले, धोबीण कपडे घेईना, लोहार घोड्याला नाल ठोकीना, दुकानदार जिन्नस देईना. अखेर अल्स्टर प्रांतांतून पन्नास स्वयंसेवक आले व सुमारें हजार शिपाई-पोलिसांच्या पहाऱ्यांत त्यांनीं पीक काढलें. पीक अदमासें ५०० पौंडांचें, आणि खर्च म्हणे १०,००० पौंडांचा!

शब्द कसा निघाला, तें रेडपाथ ह्या अमेरिकन पत्रकारानें सांगितलें आहे. ‘ऑस्ट्रसाइझ’ हा ग्रीक मुळाचा शब्द कुळांच्या तोंडीं बसणें कठीण. तेव्हां फादर ओमॅली ह्या तेथल्या धर्मोपदेशकानें ‘बॉयकॉट करणें’ असें सुचविलें. वर्ष संपण्यापूर्वींच तो शब्द लंडनच्या वृत्तपत्रांत आला. पुढें फ्रेंच व जर्मन भाषांनींही तो उचलला.

मराठीनें मात्र त्या कल्पनेस आपला जुनाच शब्द दिला. ७ ऑगस्ट १९०५ रोजीं कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्यें विलायती मालाविरुद्ध ठराव झाला, आणि टिळकांच्या चतुःसूत्रींत ‘बहिष्कार’ येऊन बसला. गंमत अशी कीं, १८९० सालच्या पुण्यांतील पंचहौद मिशनमधल्या चहावरून जें ग्रामण्य माजलें, त्यांत ह्याच शब्दाची झळ टिळकांना स्वतःला लागली होती. आयर्लंडांत अनेक दुबळ्यांनीं एका सबळावर चालविलेलें हें हत्यार येथें पिढ्यान्‌पिढ्या सबळांच्याच हातीं होतें. म्हणूनच डॉ. आंबेडकरांनीं ३ एप्रिल १९२७ रोजीं काढलेल्या पाक्षिकास ‘बहिष्कृत भारत’ हें नांव दिलें. तेथें दुसरा कोणताही शब्द फिकाच पडता.

सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविणारा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळानें २०१६ सालीं संमत केला. त्याच्या इंग्रजी नांवांत मेयोच्या त्या कॅप्टनाचें आडनांव आहे.