किनाऱ्याची वीज

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

शब्द प्रवासाला निघतात, तेव्हा आपले मूळ गाव बरोबर घेऊन जातात. इंग्रजीतला 'शोअर पॉवर' हा असाच एक शब्द. युरोप-अमेरिकेत अनेक कुटुंबे कॅम्पर व्हॅन घेऊन भटकंती करतात. झोपायला बाक, चहाला शेगडी, छोटासा फ्रिज, असे चाकांवरचे घरच ते. संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर एक जाड केबल काढून ती तळावरच्या खांबाला जोडतात. तिथून शेकडो मैल समुद्राचा पत्ता नसतो, तरी त्या विजेला म्हणायचे 'किनाऱ्याची वीज'. हा किनारा आला कुठून?

तो आला बंदरातून. कोळशाच्या बोटींचा काळ आठवा. मुंबईहून सुटणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर डेक सांभाळायला रत्नागिरीकडचे खलाशी, भटारखान्यात गोवेकर आणि बोटीच्या पोटात भट्टीपुढे पठाण-पंजाबी आगवाले, अशी साधारण विभागणी असे. लांबच्या मुक्कामासाठी बोट धक्क्याला लागली, की भट्टी विझे आणि इंजिनाचे लोखंड हळूहळू गार पडे. त्यावरून 'कोल्ड आयर्निंग', म्हणजे थंड लोखंड, हा शब्द रूढ झाला. पण इंजिन निजले तरी बोट निजत नाही. दिवे हवेत, पंप हवेत, पंखे हवेत. मग धक्क्यावरून केबल टाकून बोटीला वीज द्यायची. हीच ती किनाऱ्याची वीज.

इतिहासात एकदा ही गंगा उलटीही वाहिली. १९२९ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात पाऊस दगा देऊन गेला. टॅकोमा शहराची वीज धरणांवर अवलंबून होती आणि तलाव आटत चालले होते. तेव्हा 'लेक्सिंग्टन' ही विमानवाहू युद्धनौका शहराच्या धक्क्याला आणून उभी केली. तिची वाफेची टर्बाइन्स आधी वीज तयार करत आणि त्या विजेवर तिचे पंखे फिरत. ती वीज आता शहराकडे वळवण्यात आली. डिसेंबर १९२९ च्या मध्यापासून जानेवारी १९३० च्या मध्यापर्यंत, महिनाभरात, या नौकेने टॅकोमाला साडेबेचाळीस लाख युनिट वीज पुरवली. लढण्यासाठी बांधलेल्या नौकेने एका शहराच्या घरात दिवे लावले. पुढे मे १९४२ मध्ये कोरल समुद्राच्या लढाईत ती बुडाली.

कोळसा गेला, डिझेल आले आणि व्यापारी जहाजांना बंदरातही स्वतःची जनित्रे चालू ठेवणे सोपे पडू लागले. धूर मात्र बंदरालगतच्या वस्तीने गिळायचा. लॉस एंजेलिस बंदराशेजारच्या रहिवाशांनी आणि पर्यावरणवादी संघटनांनी २००१ मध्ये एका नव्या कंटेनर धक्क्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली. २००३ मध्ये तडजोड झाली आणि २००४ पासून त्या धक्क्यावर जहाजांना किनाऱ्याची वीज मिळू लागली. त्याआधी स्वीडनमधल्या गॉथेनबर्गने २००० मध्ये आणि अलास्कातल्या जुनोने २००१ मध्ये अशी सोय केली होती. आपल्याकडेही २०२३ च्या 'हरित सागर' मार्गदर्शक तत्त्वांत जहाजांना किनाऱ्यावरून वीज देण्याचा विचार आला. जुनी रीत नव्या कारणासाठी परत आली.

आता पुन्हा गाडीकडे वळू. १९५१ मध्ये जर्मनीतल्या वेस्टफालिया कंपनीने फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये बसवण्यासाठी घरगुती सामानाची पेटी काढली आणि चाकांवरचे घर मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. घर आले की वीज आलीच. पण गाडीला वीज देताना एक धोका असतो. गाडी रबरी टायरांवर उभी असते, म्हणजे जमिनीपासून तोडलेली. समजा, हादऱ्यांनी एखादी वायर घासली आणि तिचे तांबे पत्र्याला टेकले. सगळी गाडी २३० व्होल्टची होते. आत बसलेल्याला पत्ताही लागत नाही. ओल्या गवतावर उभे राहून जो दाराला हात लावील, त्याच्या देहातून वीज जमिनीकडे वाट काढते. आणि १६ अँपिअरच्या साध्या फ्यूजला याची खबरही नसते. माणसाचा जीव घ्यायला एक दशांश अँपिअर पुरतो.

म्हणून युरोपातल्या तळांवरच्या निळ्या प्लगला तिसरी, इतरांपेक्षा जाड पिन असते, ती अर्थिंगची. तिची तार गाडीच्या सांगाड्याला पक्की जोडायची. जोडीला एक दक्ष पहारेकरी लागतो. गेलेली वीज आणि परतलेली वीज यांचा तो सतत हिशेब घालतो आणि ३० मिलिअँपिअरची तूट दिसली, की निमिषार्धात प्रवाह तोडतो. अशा उपकरणाच्या इतिहासात दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींचे नाव येते. तिथल्या कामगारांना विजेच्या धक्क्यापासून वाचवण्यासाठी हेन्री रुबिन यांनी १९५५ मध्ये त्यावर काम केले. खाणीतल्या मजुरासाठी झालेला विचार आज सुट्टीवर निघालेल्या कुटुंबाची राखण करतो.

बाकीचे नियम साधे आहेत. केबल आधी गाडीला लावायची, मग खांबाला. निघताना आधी खांबाकडची काढायची, म्हणजे जिवंत टोक कधी हातात येत नाही. केबलचे वेटोळे पूर्ण सोडायचे, नाहीतर ते तापते.

आपले वायरमन साध्या भाषेत म्हणतात, "अर्थ दिलाय ना?" इंग्रजीत अर्थ म्हणजे पृथ्वी. मराठीत अर्थ म्हणजे काय, ते आपण जाणतोच. बोट असो, गाडी असो, कितीही दूर भटकून आली तरी मुक्कामाला तिला जमिनीशी नाते जोडावेच लागते. ते जोडलेले असेल, तरच दाराला हात लावणारा सुखरूप राहतो.