एका भयपटाचे दोन शेवट

गाजलेली कलाकृती पुन्हा नव्याने निर्माण झाली की तिचा निवाडा बहुधा एकाच मापाने होतो. नवी कृती जुनीसारखी उतरली आहे किंवा नाही, एवढेच पाहिले जाते. हे माप सोयीचे खरे. पण ते किती अपुरे आहे, हे ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या अमेरिकन भयपटाच्या दोन अवतारांवरून ध्यानात येते.

मूळ चित्रपट १९६८ सालचा. पिट्सबर्ग शहरात जाहिरातपट तयार करणाऱ्या जॉर्ज रोमेरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सुमारे १,१४,००० डॉलर खर्चून कृष्णधवल स्वरूपात काढला. कथानक साधे आहे. मेलेली माणसे उठतात, जिवंतांचे मांस खाऊ लागतात आणि काही अनोळखी माणसे एका शेतघरात आश्रय घेतात. वेताळपंचविशीतला वेताळही प्रेतात संचार करतो. परंतु तो बोलका, राजाला कोडी घालणारा. ही प्रेते मुकी आहेत. बोलतात ती घरातली माणसे. आणि तळघरात दडावे की वरच राहून दारे-खिडक्या राखाव्यात, या त्यांच्या भांडणातच त्यांचा घात होतो.

त्या रात्रीतून एकटा बेन वाचतो. ही भूमिका ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाने केली होती. चित्रपटात वर्णाचा उल्लेखही नाही. सकाळी शेरीफची बंदूकधारी टोळी येते, खिडकीतला बेन तिला प्रेतच वाटतो आणि एक गोळी सुटते. मग निश्चल छायाचित्रांतून त्याचा देह आकड्यांनी ओढून चितेवर टाकलेला दिसतो. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ रोजी झाली. चित्रपट त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रदर्शित झाला. ती छायाचित्रे अमेरिकन प्रेक्षकांना निव्वळ कल्पित वाटणे कठीण होते.

निर्मात्यांवर मात्र वेगळाच अन्याय झाला. वितरणाच्या वेळी चित्रपटाचे नाव बदलले आणि नव्या नावाच्या पाटीवर स्वामित्वहक्काची सूचना घालावयाची राहिली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यानुसार एवढ्याने कृती सार्वजनिक मालकीची झाली. कोणीही ती दाखवावी, विकावी. कर्त्यांना त्यातून काही देणे लागत नसे. १९९० च्या नव्या आवृत्तीमागे हे नुकसान भरून काढण्याचा हेतूही होता. पटकथा खुद्द रोमेरोंनी लिहिली. दिग्दर्शन टॉम सॅव्हिनी यांचे. मूळ चित्रपटाची रंगभूषा सॅव्हिनीच करावयाचे होते, पण लष्करी सेवेसाठी त्यांना व्हिएतनामला जावे लागले होते.

नव्या चित्रपटाला रंग आहे, रंगभूषा अधिक कसलेली आहे. परंतु त्याचे मोल ठरते ते बार्बराच्या पात्रावर. पूर्वीची बार्बरा भावाच्या मृत्यूने सुन्न होऊन बसते. पॅट्रिशिया टॉलमन यांची बार्बरा बंदूक हाती घेते. ही प्रेते इतकी संथ आहेत की त्यांना चुकवून चालत निघून जाता येईल, हे सर्वांआधी तिलाच उमगते. ती वाचते. सकाळी जिवंत माणसे मृतांना झाडांना टांगून खेळ करताना तिला दिसतात. घरात परतते तो टोनी टॉड यांनी साकारलेला बेन जखमांनी मरून प्रेत होऊन उठलेला आहे. टोळी त्याला मारते. मग ज्याच्या हटवादीपणाने अनर्थ वाढला, तो कूपर जिवंत बाहेर येतो. बार्बरा त्याला जाणूनबुजून गोळी घालते आणि चितेसाठी आणखी एक प्रेत असल्याचे सांगून निघून जाते.

पहिल्या शेवटी जिवंत माणूस नजरचुकीने मृतांत जमा होतो, दुसऱ्या शेवटी समजून-उमजून. पहिल्यात मारणाऱ्याला आपण काय केले हे कधीच कळत नाही. दुसऱ्यात ते फक्त मारणारीलाच ठाऊक असते. हा बदल नक्कल नव्हे, तो नवा विचार आहे. म्हणून १९९० चा चित्रपट आदरास पात्र ठरतो. परंतु त्याने मोजलेली किंमतही मोठी आहे. बेन खरोखरच प्रेत झाला, तेव्हा त्याच्यावर गोळी झाडणाऱ्यांकडून अन्याय घडलाच नाही. मूळ चित्रपटाचा सारा दाह त्या अन्यायात होता.

१९९९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत मूळ चित्रपटाचा समावेश झाला. नव्या चित्रपटाने जुन्या कथेला विवेकाचा प्रश्न दिला, हे त्याच्या पदरात घालावे. पण खिडकीत उभ्या असलेल्या जिवंत माणसाची जागा त्याला भरून काढता आली नाही, हेही त्याच निवाड्यात नोंदवावे लागते.