जलपेटीतील काष्ठ

काचेच्या टाकीत मासे व पाणवनस्पती एकत्र नांदविण्याचा शास्त्रीय प्रयोग लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमधील रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1849 साली आरंभिला आणि पुढील वर्षी तेथील केमिकल सोसायटीपुढे त्याचा वृत्तान्त ठेवला. परंतु त्या प्रयोगाचे मर्म त्यांतील दोन सोनेरी माशांत नसून, व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीची सडकी पाने पाणी नासवू लागताच ती फस्त करण्यासाठी त्यांनी सोडलेल्या गोगलगाईंत आहे. काचेवरील सरकारी कर 1845 सालीच उठल्यामुळे असल्या टाक्या मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत शिरल्या खऱ्या. मात्र कुजणाऱ्या पदार्थाचे भय त्यांच्याबरोबरच शिरले. माशांना आडोसा हवा तर दगड रचावेत, कुजणारे लाकूड नव्हे, हा रिवाज त्या भयाला साजेसाच होता, आणि स्वतः वॉरिंग्टन यांनीही दगडच रचले होते.

वस्तुतः नदीतील मत्स्यजीवनाचा लाकडाशी संबंध पुरातन आहे. ॲमेझॉनची उपनदी रिओ निग्रो पावसाळ्यात अरण्यात शिरते, तेव्हा तेथील मासे बुडालेल्या फांद्यांच्या जाळ्यांत वावरतात, आणि तोंडाने खरवडून खाणारे काही मासे तर लाकूडही खरवडतात. जर्मन हौशी मंडळींनी दलदलीतील पाइनची मुळे टाकीत आणली. ताज्या पाइनची राळ जाणकारांना नको असते. पण प्राणवायूविरहित आम्लधर्मी चिखलात शतकानुशतके मुरलेले तेच लाकूड त्यांना चालते, कारण त्यातील सडण्याजोगे बहुतेक काळाने आधीच नाहीसे केलेले असते. जपानचे जलपेटी-रचनाकार ताकाशी अमानो (1954–2015) यांनी मात्र लाकडाला आडोशाच्या पदावरून उचलून रचनेचा कणा केले, त्यावर मॉस व नेचे बांधले. लिस्बनच्या मत्स्यालयातील त्यांची अखेरची रचना 40 मीटर लांबीची आहे.

घरी जो हा उद्योग करतो त्याला काळाचे तेच काम थोडक्यात उरकावे लागते. साल पूर्णपणे सोलावी, तिच्याखालचा पांढुरका मऊ भाग सुरीने खरवडावा, आणि गाभ्यात नख रुतत असेल तर ते लाकूड निःसंकोच टाकून द्यावे. उरलेले मोठ्या पातेल्यात उकळावे. पहिले पाणी कडक चहासारखे उतरते, ते फेकून पुनःपुन्हा नवे घालावे, आणि मग लाकूड आपणहून बुडेपर्यंत पिंपात ठेवावे. समुद्रकाठचे लाकूड खारेपणामुळे गोड्या पाण्यास वर्ज्यच समजावे. इतक्या तजविजीनंतरही टाकीत गेल्यावर त्यावर पांढरा बुळबुळीत थर चढतो. नवशिक्याची त्याने धांदल उडते, पण तो बहुधा निरुपद्रवी असतो, आणि गोगलगाई व कोळंबी तो आनंदाने संपवितात.

पाण्याला येणारा तो तपकिरी रंग टॅनिनचा. सह्याद्रीतील हिरड्यातही तेच द्रव्य विपुल असते. ब्रिटिश अमदानीत हिरडा ही जंगल महसुलाची एक बाब होती, आणि विलायतेच्या चर्मोद्योगासाठी तो मुंबई बंदरातून जहाजांवर चढे. टाकीतील हा रंग काढण्यासाठी अनेक जण कोळशाची गाळणी बसवितात. सोनेरी माशांच्या टाकीत ती अवश्य असावी. परंतु कार्डिनल टेट्रासारखे अशा टॅनिनयुक्त ‘काळ्या’ पाण्याचे मासे ज्याने पाळले आहेत, त्याने ती काढून ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण किंचित आम्लधर्मी व मंद प्रकाशाचे तेच पाणी त्यांच्या मूळ प्रदेशाचे आहे.