काटकसरीचा विरोधाभास

काटकसरीचा विरोधाभास : अर्थशास्त्रातील एक सिद्धांत. एका घराने हात आखडता घेतला तर त्या घराची शिल्लक वाढते. सगळ्याच घरांनी एकदम घेतला तर दुकानांची विक्री घटते, त्या विक्रीवर पोट असणाऱ्यांची कमाई घटते आणि शेवटी देशाची एकूण बचत वाढत नाही, प्रसंगी कमीच होते. एकाचा खर्च ही दुसऱ्याची मिळकत असते, हे त्याचे मूळ.

कल्पना जुनी आहे. लंडनमध्ये स्थायिक झालेला डच वैद्य बर्नार्ड मँडेव्हिल याने ‘द फेबल ऑफ द बीज’ (१७१४) या पुस्तकात चैनीवर भरभराटलेले मधमाश्यांचे पोळे सद्‌गुणी होताच कसे ओस पडते ते रंगवले. १७२३ मध्ये मिडलसेक्सच्या ग्रँड ज्यूरीने हे पुस्तक सार्वजनिक उपद्रव ठरवले. अ‍ॅडम स्मिथने (१७७६) नेमके उलटे मांडले : भांडवल वाढते ते काटकसरीनेच. वाचवलेला पैसा कोणीतरी धंद्यात घालणारच, हे त्याने गृहीत धरले होते. जॉन मेनार्ड केन्सने बोट ठेवले ते याच गृहीतकावर. जानेवारी १९३१ मध्ये, ऐन मंदीत, बीबीसी रेडिओवरून त्याने ब्रिटिश गृहिणींना सांगितले, की सकाळीच बाजार गाठा, सेल लागले आहेत, चादरी-ब्लँकेटे घेऊन ठेवा. पाच शिलिंग वाचवाल तर एका माणसाचा एक दिवसाचा रोजगार बुडवाल. १९३६ च्या ग्रंथात त्याने याला सैद्धांतिक बैठक दिली. आज रूढ असलेले नाव मात्र पॉल सॅम्युएलसनच्या पाठ्यपुस्तकामुळे (१९४८) सर्वतोमुखी झाले.

‘बचत चांगली की खर्च’ असा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही. बाजूला टाकलेला पैसा उचलायला कोणी उभे आहे का, हे पाहावे लागते. महाराष्ट्रातील भिशीत हे स्वच्छ दिसते. दहा जणी महिन्याला दोन-दोन हजार काढतात, चिठ्ठी निघते आणि जिची निघेल ती वीस हजारांचा फ्रिज घेऊन येते. नऊ घरांची बचत त्याच आठवड्यात दहाव्या घराचा खर्च झालेली असते. याउलट मंदीत कारखानदार कर्जच मागत नाही, ठेवी बँकेत पडून राहतात आणि भिशीची चिठ्ठी जणू कोणी उचलतच नाही.

म्हणूनच हा सिद्धांत सर्वकाळ लागू पडत नाही. पंचवार्षिक योजनांच्या आरंभीच्या दशकांत भारतापुढची अडचण वेगळी होती. यंत्रे, पोलाद, वीज यांचाच तुटवडा असताना लोकांनी जास्त खर्च केला असता तर माल वाढण्याऐवजी भाव वाढले असते. शाळांतील संचयिका, पोस्टाची प्रमाणपत्रे आणि दारोदार फिरणारे अल्पबचत एजंट यांमागे हाच हिशेब होता. त्या काळाच्या मोहिमांकडे केवळ नैतिक उपदेश म्हणून पाहणे अपुरे आहे.

सोन्याची गोष्ट निराळी. दसऱ्याला घेतलेली वळी घराच्या दृष्टीने बचत. पण कपाटातले सोने कोणाच्या धंद्याला भांडवल पुरवत नाही, आणि भारत बहुतेक सोने आयात करत असल्याने त्यासाठी दिलेल्या पैशाचा मोठा भाग देशाबाहेर जातो.

मंदीत लोकांना खर्च करायला लावणे सरकारांना सोपे गेलेले नाही. जपानने १९९९ मध्ये लहान मुले असलेल्या कुटुंबांना मुलामागे व काही वृद्धांना प्रत्येकी वीस हजार येनची, सहा महिन्यांत संपवायची खरेदी-कुपने वाटली. पण कुपनांवर नेहमीचा किराणा भरून तेवढी रोकड खात्यात ठेवायला कोणाची आडकाठी नव्हती. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत सरकारने केंद्रीय कर्मचाऱ्यांना प्रवास सवलतीच्या (एलटीसी) बदल्यात रक्कम देऊ केली, तेव्हा ही पळवाट बरीच अरुंद होती. भाड्याच्या तिप्पट खरेदी करायची, तीही १२ टक्के किंवा अधिक जीएसटी असलेल्या मालाची व सेवांची, रोखीने नव्हे, आणि ३१ मार्च २०२१ च्या आत. तांदूळ, डाळ, कणीक त्यात बसत नव्हती. वॉशिंग मशीन बसत होते.