लोखंडी रंधा (जुना, अमेरिकी) : निर्मात्याची ओळख

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत अमेरिकेत घडलेला बिडाचा सुतारी रंधा समोर आला, की त्यावर दिसेल ते नाव वाचून निर्माता ठरवण्याचा प्रघात आहे. तो सोयीचा असला तरी भरवशाचा नाही. रंध्यावरचे नाव रचनाकाराचे असू शकते, घाऊक व्यापाऱ्याचे किंवा टपालाने माल विकणाऱ्या पेढीचेही असू शकते; पात्यावरचे नाव तर पुष्कळदा केवळ पात्यापुरते खरे असते. ज्या कारखान्यात बीड ओतले आणि तासले गेले त्याची खूण ओतकामात, यंत्राने सपाट केलेल्या पृष्ठांत आणि स्क्रूंच्या आट्यांत राहते. निर्माता ठरवताना आधी ही घडण वाचावी आणि नाव तिच्याशी ताडून पाहावे, असे या नोंदीचे प्रतिपादन आहे.

सर्वांत परिचित उदाहरण ‘बेली’ या नावाचे आहे. पितळी चाकी फिरवून पाते खालीवर करण्याच्या रचनेचे पेटंट लेनर्ड बेलीने 1867 मध्ये मिळवले. 1869 मध्ये त्याचे हक्क कनेक्टिकट राज्यातील न्यू ब्रिटन येथील स्टॅन्ले रूल अँड लेव्हल कंपनीने विकत घेतले. बेली काही वर्षे या कंपनीत राहिला, मग मतभेद होऊन 1875 च्या सुमारास बाहेर पडला आणि ‘व्हिक्टर’ नावाचे रंधे काढून तिचा प्रतिस्पर्धी झाला. तरीही विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्टॅन्लेच्या रंध्यांच्या अंगावर ‘बेली’ हे नाव ओतले जाऊ लागले आणि 1905 मध्ये बेली वारल्यावरही कित्येक दशके ते तसेच राहिले. म्हणजे ज्यावर बेलीचे नाव ठळकपणे ओतलेले आहे तो रंधा जवळजवळ नेहमी बेलीने न बनवलेला असतो. नाव खोटे नाही. ते रचनेचे नाव आहे, कारखान्याचे नव्हे.

व्यापाऱ्यांच्या नावांनी हा गुंता अधिक वाढतो. सेंट लुइसची सिमन्स हार्डवेअर ही घाऊक पेढी ‘कीन कटर’ या छापाने हत्यारे विकत असे. सीअर्स, रोबक कंपनीने 1927 पासून ‘क्राफ्ट्समन’ हा छाप वापरला. त्या छापाचे रंधे न्यू हेवनची सार्जंट, मॅसॅच्युसेट्समधील मिलर्स फॉल्स अशा वेगवेगळ्या कारखान्यांतून येत. सीअर्सच्या क्रमांकात टिंबाच्या आधीचे तीन आकडे पुरवठादाराचा संकेत असत, पण प्रत्येक जुन्या हत्यारावर असा क्रमांक सापडत नाही. तेथे घडणीकडेच वळावे लागते. सार्जंटच्या बऱ्याच रंध्यांत पाते आडवे सरळ करणारी दांडी एकाच पट्टीला पीळ देऊन बनवलेली दिसते, तर स्टॅन्लेच्या दांडीच्या खालच्या टोकाला पात्याच्या खाचेत बसणारी गोल चकती असते. 1929 पासून रंधे काढणाऱ्या मिलर्स फॉल्सने आपल्या मुख्य मालिकेत पाते दाबणारी पट्टी बिजागरीने जोडलेल्या दोन तुकड्यांची केली. कारखान्याच्या अंगवळणी पडलेल्या या गोष्टी होत्या. गिऱ्हाइकाचा छाप बदलला म्हणून कोणताही कारखाना साचे आणि यंत्रे नव्याने उभारीत नाही, आणि या साध्या आर्थिक कारणामुळेच घडण हा बळकट पुरावा ठरतो.

त्याचे बळ कीन कटरच्या ‘के’ मालिकेतील रंध्यांत स्पष्ट दिसते. पाते ज्या तिरप्या बैठकीवर टेकते (कारखान्यात तिला फ्रॉग म्हणतात) ती सामान्य बेली रंध्यात तळाला काही ठिकाणीच टेकते. जस्टस ट्रॉट याने स्टॅन्लेसाठी 1895 मध्ये पेटंट घेतलेल्या ‘बेड रॉक’ रचनेत मात्र बैठकीची खालची बाजू आणि तळावरची बाजू ही दोन्ही पृष्ठे अखंड तासून एकमेकांवर पूर्ण टेकवलेली असतात. पेटंटच्या मुदतीत हे काम करण्याचा अधिकार स्टॅन्लेचा होता. ‘के’ मालिकेच्या रंध्याची बैठक सोडवली की खाली हेच अखंड तासलेले पृष्ठ दिसते. वर सेंट लुइसच्या पेढीचा छाप असला तरी बीड न्यू ब्रिटनचे आहे हे त्यावरून सिद्ध होते, आणि हा पुरावा बाहेरून पाहणाऱ्याला कधीच दिसत नाही.

कालनिर्णयातही हीच दक्षता लागते. बैठकीमागे ओतलेल्या 1902 आणि 1910 मधील पेटंट तारखा वाचून ‘हा 1902 चा रंधा’ असे बेधडक लिहिले जाते. पेटंटची तारीख फक्त आधीची मर्यादा सांगते : त्या दिवसापूर्वी ते ओतकाम झालेले असू शकत नाही. नंतरची मर्यादा बदलत्या भागांतून काढावी लागते. बैठक मागेपुढे सरकवणारा स्क्रू 1907 मध्ये आला; 1920 च्या सुमारास पितळी चाकी एक इंचावरून सव्वा इंचाची झाली आणि पुढचे ठेंगणे बोंड उंच झाले. युद्धकाळात पितळेच्या टंचाईमुळे चाकी पोलादाची किंवा कडक रबराची झाली. पात्यावरचा हृदयाच्या आकाराचा शिक्का, ज्यात विल्यम हार्ट या अध्यक्षाच्या आडनावाची आठवण आहे, 1920 पासून साधारण 1930 च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालला. पण तो पात्याचा काळ सांगतो. सुतार पाती झिजवतो आणि बदलतो, म्हणून पात्यावरून अख्ख्या रंध्याचे वय काढणे चूक आहे.

यावर एक रास्त आक्षेप असा, की पाती बदलतात तशा बैठकी, दांड्या आणि मुठीही बदलतात. मग घडणीवर तरी विश्वास का ठेवावा? याचे उत्तर असे की सर्व भाग सारखे सुटे नाहीत. तळ हा सर्वांत मोठा ओतीव तुकडा. तो फुटला की रंधा टाकूनच दिला जातो. म्हणून ओळखीचा निकाल तळावर द्यावा आणि बाकीचे भाग त्याच्याशी जुळतात का ते पाहावे. येथे आटे उपयोगी पडतात. स्टॅन्लेने चाकीच्या खिळीला इंचाचे नऊ-बत्तीसांश जाडीचे, इंचाला 24 आटे दिले होते; हे माप बाजारातल्या सामान्य स्क्रूंना जुळत नाही. तेथे दुसरेच आटे आढळले, तर दुरुस्ती नंतरची आहे असा संशय घ्यायला जागा आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. शेफील्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टन कंपनीने 1931 पासून ‘रेकॉर्ड’ रंधे काढले ते स्टॅन्लेच्या रचनेची जवळजवळ नक्कल होते. क्रमांकही तेच, फक्त पुढे शून्य लावलेले. घडण सारखीच असेल तर ती काय सांगणार? अशा ठिकाणी घडण एकटी निकाल देऊ शकत नाही, हे मान्य करावे लागते. 5 ऐवजी 05 हा ओतलेला क्रमांक तेथे मोलाचा ठरतो, कारण तो तळाच्या साच्यातच आहे. रेकॉर्डचा निळा रंग मात्र तितका भक्कम पुरावा नव्हे. रंग कोणीही देऊ शकतो. म्हणजे अक्षरे आणि आकडे पुरावा म्हणून बाद होत नाहीत. ओतलेले, ठोकलेले आणि रंगवलेले यांची किंमत मात्र त्याच उतरत्या क्रमाने धरावी.

संग्राहक आणि संग्रहालये यांनी रंध्याची नोंद करताना ‘निर्माता’, ‘विक्रेता’ आणि ‘रचना’ असे तीन वेगळे रकाने ठेवावेत. ‘के’ मालिकेचा रंधा त्यात असा नोंदवला जाईल : निर्माता, स्टॅन्ले, न्यू ब्रिटन, विक्रेता, सिमन्स, सेंट लुइस, रचना, बेलीची चाकी आणि ट्रॉटची बैठक. गंज काढण्यासाठी तारेचा ब्रश चालवण्यापूर्वी बैठक सोडवून तिच्या आणि तळाच्या तासलेल्या पृष्ठांची छायाचित्रे घ्यावीत, कारण ओळखीचा मुख्य पुरावा तेथे असतो.