विष शोधायचे कुठे?

पटकीचा रोगी काही तासांत खंगतो. पेजेच्या निवळीसारखे जुलाब सुरू होतात, डोळे खोल जातात, रक्त दाट होते आणि वेळीच उपाय झाला नाही तर रोगी दगावतो. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात या रोगाचा स्वल्पविरामासारखा वाकडा जिवाणू शुद्ध स्वरूपात मिळवला. हा जिवाणू आतड्यात विष तयार करत असावा, असा तर्कही त्यांनी केला. तो सिद्ध व्हायला मात्र १९५९ साल उजाडावे लागले. पाऊणशे वर्षे हा शोध का अडला?

घटसर्पाचे विष रक्तातून शरीरभर पसरते, हे तोवर कळले होते. पटकीतही तसेच घडत असणार, असे गृहीत धरून संशोधक प्राण्यांच्या कातडीखाली किंवा पोटाच्या पोकळीत जिवाणू टोचत. प्राणी मरत, पण त्यांना जुलाब होत नसत. मग मेलेल्या जिवाणूंच्या शरीरातून सुटणारे द्रव्यच रोगाला कारण होते, हे मत रूढ झाले.

कलकत्त्याचे विकृतिशास्त्रज्ञ शंभुनाथ डे यांनी प्रश्न थेट आतड्यालाच विचारला. सशाला भूल देऊन त्यांनी लहान आतड्याचा छोटा भाग दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधला आणि त्यात पटकीचे जिवाणू टोचले. दुसऱ्या दिवशी तो भाग पाण्याने तट्ट फुगला होता. जिवाणू न घातलेले बांधलेले भाग मात्र रिकामेच होते. हे काम त्यांनी चटर्जी या सहकाऱ्यासह १९५३ साली प्रसिद्ध केले.

पण पाणी सुटते ते जिवाणूंच्या उपस्थितीमुळे की त्यांनी बाहेर टाकलेल्या द्रव्यामुळे? डे यांनी जिवाणू वाढवलेला द्रव बारीक गाळणीतून गाळून जिवाणूविरहित केला आणि तो टोचला. आतडे तसेच फुगले! १९५९ साली हा छोटासा निबंध ‘नेचर’मध्ये छापून आला. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत दत्त, पानसे आणि कुलकर्णी यांनी जिवाणूंपासून काढलेले विष सशाच्या पिलांना तोंडावाटे देऊन जुलाब घडवले.

पुढे १९६९ साली हे विष शुद्ध स्वरूपात मिळाले. त्याच्या प्रभावाने आतड्याच्या पेशी क्षार बाहेर टाकत राहतात आणि त्यामागे पाणी जाते. पेशी मात्र मरत नाहीत. साखरेबरोबर मीठ शोषण्याची त्यांची वाट उघडीच राहते. म्हणून साखर-मिठाचे पाणी उपयोगी पडते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी ते वापरले, तेव्हा मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले.

१९७८ साली नोबेल परिसंवादाचे निमंत्रण डे यांना आले. परंतु १९८५ साली ते वारले, तोवर एकाही भारतीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले नव्हते.

आम्हा संशोधकांना या कथेत मोलाचे वाटते ते हे, की दोरा, सुई आणि गाळणी एवढ्याच साधनांवर पाऊणशे वर्षांचे कोडे सुटले. शिक्षकांनी हा प्रयोग फळ्यावर काढून विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे : जिवाणू न घातलेले भाग डे यांनी बांधलेच नसते, तर त्या फुगलेल्या आतड्यावरून आपल्याला नक्की काय म्हणता आले असते?